औषधांच्या पेटीतली साखर

मधुमेहावर जे काही लिहिलेलं मिळतं, त्यातलं बहुतेक काय खाऊ नये याबद्दल असतं. मीही तेच वाचलं होतं. पुरतं वाचलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरी हा आजार नुकताच आला आहे, त्यांच्या हातून निदान आमची चूक होऊ नये, इतकीच इच्छा आहे. मी डॉक्टर नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि शाळेच्या ग्रंथालयाची दोन कपाटं सांभाळते. लिहायला मला वेळ लागतो. एवढं लिहायला चार महिने लागले.

घरात आम्ही तिघी आहोत. मी, माझी मुलगी वैशाली आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. कळंबच्या अलीकडे वस्तीवर आमचं घर आहे, तिन्ही बाजूंनी ऊस. हे, म्हणजे वैशालीचे वडील, आता नाहीत. त्यांचं जाणं आणि माझं आजारपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी बरेच दिवस स्वतःला बजावत होते. त्या वेगळ्या नाहीत.

किंक्रांत

यांना मधुमेह असल्याचं कळलं तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला सहा-सात महिने झाले होते. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. दवाखान्यातून एक पातळ पुस्तिका मिळाली होती. तिच्यातली पथ्याची पानं मी वहीत उतरवून घेतली आणि घराला तो कायदा लागू केला. साखर बंद, गूळ बंद, भात वाटीनं. हे हसायचे. "आमी ऊस लावायचा, आन साखर खायची जगानं," म्हणायचे. पण ऐकायचे.

पुढच्या संक्रांतीला त्यांनी तिळाचे दोन लाडू खाल्ले. आत्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. सणाचा दिवस म्हणून कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत आणि रविवार. कारखान्याची ऊसतोड टोळी त्या दिवशी आमच्या उसात आली. टोळीची वाट पाहून पाहून महिना गेला होता, त्यामुळे हे सकाळी गोळी घेऊन, बिनसाखरेचा चहा पिऊन तसेच निघाले. "भाकरी झाली की हाक मार, येतो," म्हणाले. मी दोनदा हाक मारली. आले साडेबाराला. थंडीचे दिवस, आणि सदरा पिळून काढावा इतका भिजलेला. हात थरथरत होते. मला विचारलं, "पाण्याची पाळी कुणाची हाय?" मी म्हटलं, आज तोड आहे, पाणी कसलं? पुन्हा तेच विचारलं, तिसऱ्यांदाही तेच. मग एकदम चिडले, पुढं केलेलं ताट ढकललं. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती, या माणसानं ताट कधी ढकललं नव्हतं.

आत्या म्हणाल्या, "कालच्या लाडवानं केलं ह्ये. साखर चढली पोराची."

मलाही तेच वाटलं. मी शिकलेली, पुस्तिका वाचलेली. मी म्हटलं, "कारल्याचा रस देऊ या, आत्या. त्यानं साखर उतरते."

न्हाणीमागच्या वेलाला शेवटची चार-पाच कारली होती. आत्यांनी ती तोडली, पाट्यावर ठेचली, स्वच्छ फडक्यातून पिळली. पेलाभर रस निघाला. हे तो मुकाट्यानं प्यायले, तोंडही वाकडं केलं नाही. मग आडवे झाले. झोप लागली असं आम्हाला वाटलं, म्हणून आम्ही आवाज न करता वावरत होतो. दीड तासानं घोरणं वेगळंच ऐकू यायला लागलं. मी हलवलं. उठेनात.

टोळीच्या मुकादमानं धावत जाऊन रस्त्यावर जीप अडवली. बारामतीला नेलं. चौथ्या दिवशी ते गेले.

त्या पहिल्या संध्याकाळी तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. घाम आला होता का, हात थरथरत होते का, असंबद्ध बोलत होते का, सगळं विचारलं. मी हो, हो म्हणत गेले.

"मग साखर दिली नाही का तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. "कणभरही नाही."

उत्तर देताना माझ्या आवाजात थोडा अभिमान होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गोळी पोटात गेली होती, अन्न गेलं नव्हतं, वर उन्हातलं काम. साखर चढली नव्हती, उतरली होती. फार उतरली होती. अशा वेळी साखरेचं पाणी द्यायचं असतं. शुद्धीवर असतानाच द्यायचं, आणि मग वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

दहावं-बारावं झाल्यावर मी पुस्तिका काढली. शेवटून दुसऱ्या पानावर ते सगळं होतं. साखर कमी झाल्यास काय करावं, सात ओळी. ते पान पथ्याचं नव्हतं, म्हणून मी उतरवून घेतलं नव्हतं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या सांगायच्या, "दोन लाडू खाल्लं, त्येवढ्यानं माझा बाळू गेला." मी चहाचे कप पुढं करायची. त्यांचं समाधान मोडू नये म्हणून मी गप्प आहे असं मला वाटायचं. त्यात माझीही सोय होती. नरसिंहपूरला संगमावर रक्षा सोडली, तेव्हा आत्यांनी यांच्या उरलेल्या गोळ्याही पाण्यात टाकल्या. मेलेल्या माणसाचं औषध घरात ठेवत नाहीत, अशी आमच्याकडची रीत.

निदान

दीड वर्षानं मी वाळायला लागले. लोक म्हणायचे, दुःखानं वाळली. मीही तसंच धरून चालले. दुःखानं माणूस वाळतं हे खरंच आहे. पण दुःखानं इतकी तहान लागत नाही. आठवीच्या वर्गात कविता शिकवताना मी तासाला दोनदा पाणी प्यायला थांबायची. पोरांनी माझ्या टेबलावर तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली होती.

मग चपलेचा पट्टा लागून डाव्या पायाच्या करंगळीशी फोड आला. हळद दाबली, पट्टी बांधली, शाळेत गेले. तीन आठवडे फोड तसाच होता, फक्त रंग बदलत होता. एक दिवस ताप भरला, पाय चपलेत मावेना. शाळेतले विज्ञानाचे शिक्षक मोटारसायकलवरून मला बारामतीला घेऊन गेले. दवाखाना तोच. जिनाही तोच.

तिथं लघवी तपासायची एक रीत होती. निळ्या द्रावणात थेंब टाकून नळी दिव्यावर तापवायची. निळं राहिलं तर बरं. हिरवं, पिवळं होत गेलं तर वाईट. माझी नळी माझ्यासमोर तापली आणि पाहता पाहता विटेच्या रंगाची झाली. तंत्रज्ञ बाईंनी नळी जरा लांब धरली.

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागणार नाही, इंजेक्शन घ्यावं लागेल, रोज, कायमचं. निदानाच्या दिवशी लोकांना काय काय आठवतं ते मी वाचलं आहे. मुलं आठवतात, देव आठवतो. मला ते शेवटून दुसरं पान आठवलं. सातही ओळी पाठ होत्या.

लोणीच्या आक्का

अकरा दिवस मी वॉर्डात होते. सकाळी सहाला नळ्या तापायच्या. सातला इंजेक्शन. साडेसातला चहा आणि ब्रेडचे दोन तुकडे, ते आले नाहीत तर शेजारच्या खाटेवरच्या आक्का वॉर्ड दणाणून सोडायच्या. आक्का लोणी भापकरच्या. वय साठीच्या पुढं, नऊ वर्षं इंजेक्शनवर, आणि दवाखान्यात घरच्यासारख्या.

"नर्सबाई, सुई टोचलीया, आता अन्न द्या. न्हायतर सुई काढून घ्या माघारी!"

नर्स हसायची आणि ब्रेड आणायला पळायची.

करंगळी वाचत नाही हे चौथ्या दिवशी कळलं. मी फार घाबरले. आक्का म्हणाल्या, "करंगळी कशाला लागती गं बाईमाणसाला? जोडवं तर अंगठ्याशेजारच्या बोटात घालत्यात." मग जीभ चावली, माझ्या पायात जोडवी नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. थोड्या वेळानं त्यांनी आपल्या वाटणीचं उकडलेलं अंडं माझ्या ताटात ठेवलं. करंगळीशिवाय चालता येतं. मी चालते.

आठव्या दिवशी दुपारी आक्का बोलता बोलता थांबल्या. कपाळावर घाम आला. त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, त्यात मूठभर साखर होती. ती तोंडात टाकली, चघळली, वर पाणी प्यायल्या. मी बघत राहिले.

"काय बघतीस? चोरून खात न्हाय. औषध खाती."

पंधरा मिनिटांत त्या पहिल्यासारख्या झाल्या, आणि सुनेनं पाठवलेल्या कोरड्या भाकरीची निंदा जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू केली. मी मात्र भिंतीकडं तोंड करून पडले. इतकं सोपं होतं ते. पदराच्या एका गाठीएवढं.

आक्कांना मी सगळं सांगितलं. सासरच्या माणसांत जे पावणेदोन वर्षं बोलले नव्हते, ते एका अनोळखी बाईला अर्ध्या तासात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. धीराचं काही बोलल्या नाहीत. एकच प्रश्न विचारला.

"आन तुझी उतरली, तर तुझ्या घरात साखर घालायला कोण हाय?"

वैशाली शाळेत असते, संध्याकाळी पाचला येते. सुट्टीच्या दिवशीही अर्धा वेळ बाहेर. घरात कायम असतं ते एकच माणूस. आत्या.

घर साफ झालं होतं

घरी आले तर आत्यांनी दारातच भाकरतुकडा ओवाळला आणि अभिमानानं सांगितलं, "आता घरात साखरेचा कण न्हाय. गुळाची ढेपबी दिली. कारखान्याची दिवाळीची साखर आलीती, ती सगळी वस्तीवर वाटून टाकली. एक नेला तिनं माझा, दुसरं न्हाय नेऊ द्यायची."

वैशूच्या चहालासुद्धा साखर नव्हती. पोर बिनसाखरेचा चहा पीत होती आणि तक्रार करत नव्हती.

आत्यांचं हे प्रेम होतं. त्या प्रेमानं मी मरू शकले असते.

पुढच्याच बाजारात मी इंदापूरहून कडीची पत्र्याची पेटी आणली. कापूस, गुंडाळपट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, टिंचरची बाटली, थर्मामीटर, जुलाबासाठी जलसंजीवनीची पाकिटं. पायाला साधं खरचटलं तरी आता मला चालणार नव्हतं, म्हणून घरातच सगळं हवं होतं. प्रत्येक वस्तूला माझ्या चांगल्या अक्षरात चिठ्ठी लावली. एका डबीवर लिहिलं, साखर.

आत्यांना पेटीच पटली नाही. "दवाखाना घरात मांडला की दुखणं वस्तीला येतं," म्हणाल्या. तरी पेटी त्यांनी सहन केली. साखर नाही. दोन दिवसांनी डबी धुऊन पालथी घातलेली दिसली.

"मुंग्या लागत्याल," आत्या म्हणाल्या.

मी पुन्हा भरली. पुन्हा रिकामी झाली. मी पुन्हा भरली. मी शांत स्वभावाची आहे, भांडत नाही; पण हट्टी आहे, हे माझं मलाही नव्यानं कळत होतं. मी समजावून सांगितलं की इंजेक्शननं साखर उतरते, फार उतरली तर देणं भाग असतं. आत्या म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकातलं तुमच्यापाशी, मास्तरीणबाई. मी डोळ्यांनी बघितलंय साखर काय करती ती."

तिसऱ्या वेळी डबी भरलेली होती. मी बोट घालून चाखलं. मेथीची पूड होती.

मी पेटीशेजारी जमिनीवर बसले. ही डबी कुणीतरी घाईघाईनं माझ्या तोंडात रिकामी केली असती. पुन्हा तसंच, पुन्हा मायेनंच. आणि यात आत्यांचा काय दोष होता? त्यांना जे खरं म्हणून माहीत होतं, ते मीच त्यांच्यापाशी राहू दिलं होतं.

सांगितलं

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी आत्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी समोर बसले, मीही फोडायला लागले. सुपात दाणे बरेच साठल्यावर सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, पुस्तिकेत काय होतं. लाडवानं काही झालं नव्हतं. साखर चढली नव्हती.

आत्यांचे हात थांबले नाहीत. शेंगा फुटत होत्या, टरफलं एकीकडं, दाणे एकीकडं. मग त्यांनी विचारलं, "किती लागली असती?"

"तीन चमचे. पाण्यात."

"तीन."

"हो. आणि मग लगेच दवाखाना."

त्या उठल्या. पदर झटकला आणि उसाच्या कडेला बांधावर जाऊन बसल्या. मी मागं गेले नाही. संध्याकाळी वैशूनं हात धरून आणलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत, दुसऱ्याही दिवशी नाही. माझ्याशी बोलल्या नाहीत. मी म्हातारीच्या उरल्यासुरल्या आयुष्यावर धोंडा घातला असं मला वाटत होतं. तरीही सांगितल्याचा पश्चात्ताप होत नव्हता, याचीच लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी इंजेक्शन भरत असताना त्या शेजारी येऊन बसल्या.

"तुला कवापासनं ठावं होतं?"

"पहिल्याच संध्याकाळी कळलं."

"आन मला दोन वर्सं त्या लाडवाला शिव्या घालू दिल्यास."

"चूक माझी होती, आत्या. कारल्याचं मी सांगितलं."

"सांगितलंस तू. पिळलं मी. आता वाटण्या करायच्या का?" त्या जरा चढ्या आवाजात बोलल्या. मग तो आवाज खाली आला. "त्यानं पेला धरला न्हवं, तवा माझ्याकडं बघितलं व्हतं. आय देती म्हणून प्याला."

आम्ही दोघी तिथंच रडलो. एकमेकींच्या देखत पहिल्यांदा. इंजेक्शनला त्या दिवशी उशीर झाला.

नंतर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आण ती पेटी. मला वाचता येत न्हाय, तुझ्या चिठ्ठ्या काय कामाच्या? हाताला कळलं पायजे कुठं काय हाय."

पेटी नव्यानं लागली

पेटी आत्यांनी मिसळणाच्या डब्यासारखी लावली. मिसळणाच्या डब्यात हळद कुठं, मोहरी कुठं हे बाईला बघावं लागत नाही, हात आपोआप जातो. तसंच. डावीकडं जखमेचं, उजवीकडं पोटाचं, मध्ये साखर. टिंचरच्या बाटलीला दोरा गुंडाळला, म्हणजे अंधुक उजेडातही ती हाताला घरातल्या दुसऱ्या बाटलीसारखी लागणार नाही. साखरेची डबी बदलून रुंद तोंडाची घेतली, कारण थरथरत्या हातानं अरुंद झाकण निघत नाही. "थरथर काय फकस्त आजाऱ्याची असती व्हय?" आत्या म्हणाल्या. हे कुठल्याही पुस्तिकेत मी वाचलं नव्हतं. आत चमचा बांधून ठेवला. पेटी कपाटावर ठेवली होती, ती खाली, चुलीजवळच्या कोनाड्यात आली. कुलूप नाही.

इंजेक्शनची बाटली ठेवायला आमच्याकडं फ्रीज नव्हता. लोणीच्या आक्कांनी सांगितल्याप्रमाणं ती डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवतो. उन्हाळ्यात वाळू दिवसातून दोनदा भिजवायची, ते काम वैशूचं.

ज्यांच्या घरी मधुमेहाचं माणूस आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. पथ्य पाळाच. पण एकदम घाम सुटला, थरथर झाली, माणूस भलतंच बोलायला लागलं, उगीच चिडायला लागलं, तर वाट बघू नका. साखर द्या. चढलेली असली तर तीन चमच्यांनी फार बिघडणार नाही. उतरलेली असली तर जीव वाचेल. माणूस गिळू शकत नसेल तर पाणी ओतू नका. एका कुशीवर वळवा, चिमूटभर साखर गालाच्या आतून चोळा आणि गाडी बघा. बरं वाटलं तरी त्यानंतर जेवू घाला. गोळ्या घेणाऱ्याची साखर पुन्हा उतरते, म्हणून त्याला डॉक्टरांकडं न्याच. आणि हे सगळं घरातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसाला सांगून थांबू नका. जे माणूस घरात असतं त्याला सांगा.

गिरणी बंद होती

सांगितल्यानंतर साडेतीन महिन्यांनी, चैत्रातल्या एका रविवारी. दोन दिवस वीज नव्हती, गिरणी बंद, घरातलं पीठ संपलेलं. सकाळी नऊला मी सवयीनं इंजेक्शन घेतलं. वीज आली असं कुणीतरी म्हणालं म्हणून वैशू दळण घेऊन गेली आणि तिथं रांगेत अडकली. आत्ता येईल, आत्ता येईल, म्हणत मी वह्या तपासत बसले. साडेतीन महिने दुसऱ्यांना शिकवलं, आणि स्वतः हेच केलं. खोटं कशाला लिहू?

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. बाकीचं वैशूनं सांगितलं, ती पाटी डोक्यावर घेऊन तेव्हाच दारात आली होती. मी एका पोराच्या निबंधावर लाल रेघा मारत होते, आणि रेघा वहीबाहेर, सतरंजीवर गेल्या होत्या. आत्यांनी विचारलं, "शालन, घाम का आलाय गं?" मी म्हणे रागावून म्हटलं, "तास चालू आहे."

मग पेटीची कडी वाजली. ते मला आठवतं. आत्यांचा चेहरा अगदी जवळ आला, तेही आठवतं. आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"मला साखर वर्ज्य आहे," मी म्हणाले.

"वर्ज्य गेलं उसात! तोंड उघड."

"नाही."

"वैशे, मागनं धर हिला. धर म्हणती न्हवं! रडायचं मागनं बघू."

वैशूनं मला छातीशी धरून बसवलं. आत्यांनी पेल्यातलं साखरपाणी चमच्या-चमच्यानं माझ्या तोंडात घातलं. दर चमच्यानंतर थांबायच्या, मी गिळते का बघायच्या, मगच पुढचा. घाई केली नाही. वैशू म्हणते, त्यांचा हात थरथरत होता पण चमचा सांडला नाही. पेला संपला तेव्हा त्यांनी आणखी एक चिमूट माझ्या गालात सारली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

हळूहळू भिंत भिंतीसारखी दिसायला लागली. सतरंजीवर लाल शाई दिसली. माझं लुगडं भिजून चिकट झालं होतं. शुद्ध आली का हे कळायला काहीतरी विचारावं, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं.

"मी कोण?" त्यांनी विचारलं.

"आत्या."

"आत्या तर कुणीबी म्हनंल. नाव सांग माझं."

सून होऊन मला अठरा वर्षं झाली होती. शाळेच्या कागदांवर, रेशनकार्डावर ते नाव मी किती वेळा लिहिलं असेल. तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. आमच्याकडं सासूचं नाव घेत नाहीत. मी वैशूकडं पाहिलं.

"तिकडं काय बघतीस? नाव सांग."

"हौसाबाई," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"हौसाबाई."

त्यांनी इतका वेळ हातात धरलेला पेला खाली ठेवला आणि माझ्या तोंडावरून पदर फिरवला.

"व्हय," म्हणाल्या. "आलीस माघारी."